दूध बंद केलं, आता कॅल्शियमचं काय?

वय ४३, नाशिक. पाच आठवडे पॅलिओ (आदिमानवासारखा, धान्य-डाळी-दुधाशिवायचा आहार) करतेय. पोळी, भात, डाळ बंद, दूधदहीही बंद. पोटात गुबारा धरायचा तो थांबला. पण आईची हाडं ठिसूळ झालेली मी पाहिलीत, त्याची धास्ती वाटते. नाचणी चालेल का? आणि तूप?

प्रतिसाद १: नाचणी धान्यच, पॅलिओत बसत नाही. तीळ बसतात. आमच्याकडे रोज तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि आठवड्यातून दोनदा सुकट. सुकट अख्खीच पोटात जाते, म्हणून तिचा उपयोग. दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं, नुसत्या चटणीवर भागणार नाही.

प्रतिसाद २: ताई, त्रास लॅक्टोजचा (दुधातल्या साखरेचा) असेल तर तूप बहुधा सोसेल, कढवल्यावर त्यात लॅक्टोज जवळजवळ उरत नाही. पण गुबारा डाळीनंही धरतो! सगळं एकदम सोडलंत, तर गुन्हेगार कळणार कसा? एकेक पदार्थ चार-चार दिवस परत आणा. आईंचा इतिहास डॉक्टरांना जरूर सांगा.

मूळ प्रश्नकर्ती: डाळीचा विचारच केला नव्हता. सोमवारपासून आधी ताक, बाकी सगळं तसंच. तूप आजपासूनच. चहाला नारळाचं दूध घातलं तर फाटतं, त्यावर कुणाकडे उपाय आहे का?