शब्दचर्चा : १८९१ चे ‘संमतिवय’ आणि त्याच्या भोवतीचे शब्द

प्रश्न

एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांबद्दल वाचायला घेतले की १८९१ हे साल आणि ‘संमतिवयाचे बिल’ हा शब्दप्रयोग हटकून समोर येतो. कुठे ‘संमतिवय’, कुठे ‘संमतीवय’ असे छापलेले दिसते. त्यातले शुद्ध कोणते? आणि खरी अडचण अर्थाची आहे. ही संमती कोणाची आणि कशाला? ‘मुलीच्या लग्नाचे वय दहावरून बारा केले’ असेही अनेकदा वाचनात येते. जाणकारांनी उलगडून सांगावे.

प्रतिसाद

शुद्धलेखनाचे आधी उरकू. ‘संमती’ सुटा लिहिताना ती दीर्घ, समासात पूर्वपदी आला की ऱ्हस्व. म्हणून ‘संमतिवय’. ‘संमतीचे वय’ असे फोडून लिहिले तर दीर्घच.

आता अर्थ. लग्नाचे वय म्हणणे चूक आहे. १८६० च्या दंडसंहितेनुसार दहा वर्षांखालच्या मुलीशी शरीरसंबंध हा बलात्कार होता, मग ती पत्नी का असेना. १८९१ च्या कायद्याने त्या दहाचे बारा केले, एवढेच. लग्न कितव्या वर्षी लावायचे यात त्याने हात घातला नाही. हा कायदा १९ मार्च १८९१ रोजी झाला, आणि महिना उलटायच्या आत, १४ एप्रिलला महू येथे बाबासाहेब आंबेडकर जन्मले. १९०६ च्या सुमारास त्यांचे लग्न झाले तेव्हा रमाबाई नऊ-एक वर्षांच्या होत्या आणि त्या लग्नात बेकायदा काहीच नव्हते. लग्नाचे वय ठरवणारा कायदा यायला १९२९ साल उजाडले. मराठीत ‘शारदा कायदा’ म्हणतात तो हा, मुलीला १४ आणि मुलाला १८ वर्षे अशी अट घालणारा. म्हणून ‘विवाहवय’ आणि ‘संमतिवय’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

‘संमती कोणाची’ हा तुमचा प्रश्न मात्र मर्मावर बोट ठेवणारा आहे. अविवाहित मुलीच्या बाबतीत या शब्दाला अर्थ आहे : बारा वर्षांच्या आत तिने ‘हो’ म्हटले तरी ते कायदा जमेस धरत नाही. पत्नीच्या बाबतीत तो अर्थ उरतच नाही. बारा पूर्ण झाली की तिने ‘नाही’ म्हटले तरी पतीवर बलात्काराचा गुन्हा होत नव्हता. बाराच्या आत तिच्या ‘हो’ला किंमत नाही, बारानंतर तिच्या ‘नाही’ला किंमत नाही. आणि १८९१ चा सगळा गदारोळ झाला तो पत्नीवरूनच.

त्याला निमित्त झाली ती कलकत्त्याची फुलमणी. १८९० साली दहा-अकरा वर्षांची ही मुलगी पतीच्या बळजबरीने झालेल्या जखमांनी मेली. तिने दहा ओलांडली असल्यामुळे बलात्काराचा आरोप टिकला नाही आणि पती वर्षभराच्या सक्तमजुरीवर सुटला. मुंबईचे पारशी पत्रकार आणि समाजसुधारक बेहरामजी मलबारी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लिहीतच होते. आता हिंदुस्थानात काम करणाऱ्या स्त्री डॉक्टरांनीही व्हाइसरॉयकडे अर्ज केला.

प्रतिसाद

वरच्या विवेचनाला घरातल्या शब्दांची जोड देते, कारण हा वाद पुण्यात पेटला तो ‘संमती’वरून नव्हे, ‘गर्भाधान’ या शब्दावरून. मुलीला पहिला ऋतू आला की हा पहिल्या समागमाचा संस्कार व्हायलाच हवा, तो बाराच्या आत आला तर कायदा धर्माच्या आड येतो, असे विरोधकांचे म्हणणे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मग्रंथांचेच आधार काढून ते खोडले. न्यायमूर्ती रानडे आणि तेलंग बिलाच्या बाजूने होते. आगरकर ‘सुधारक’मधून म्हणत होते की समाज आपणहून हलत नसेल तर कायदा हवा. टिळकांचा विरोध परक्या सरकारने घरात शिरण्याला होता. मुलींचे लग्न सोळाच्या आत आणि मुलांचे विसाच्या आत करू नये, अशी प्रतिज्ञा सुधारकांनी स्वतःपुरती करावी, असे त्यांनी सुचवलेही होते. टिळकांच्या बाजूचे सगळे लोक बालविवाहाचे भोक्ते होते, असे सरसकट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पण फुलमणीच्या वयाच्या मुलींना स्वराज्य येईपर्यंत थांबा म्हणणे त्याहून मोठा अन्याय होता.

तर शब्द. शास्त्री ज्याला ‘ऋतुप्राप्ती’ म्हणत, ते बायकांच्या तोंडी ‘न्हाण आलं’, ‘पदर आला’ असे असे. मुलगी ‘शहाणी झाली’ असेही म्हणत, आणि या शब्दापाशी मी नेहमी अडखळते. अकराव्या वर्षी शरीरात झालेल्या बदलाला आपण ‘शहाणपण’ म्हटले! मग मखरात बसवणे, गोडधोड, ओटी, आणि ‘ऋतुशांती’ किंवा ‘फलशोभन’ या नावाखाली नवऱ्याच्या खोलीत धाडणे. या सगळ्या शब्दांत फूल, फळ, पाणी, पदर आहे. भीती सांगणारा शब्द नाही. ती भीती बायकांना नव्हती असे नाही. तिला चारचौघांत बोलायला शब्दच ठेवला नव्हता.

दुसरा शब्द ‘नांदणे’. ‘सुखाने नांदा’ हा आशीर्वाद. पण व्याकरण पाहा : बायको ‘नांदते’, नवरा तिला ‘नांदवतो’. रखमाबाईंनी नेमके हेच नाकारले. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुंबईच्या मुलीवर १८८४ साली नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, ती नांदायला यावी म्हणून दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलानंतर १८८७ साली हुकूम आला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. दुसऱ्या वर्षी त्या विलायतेला गेल्या. इकडे पुण्यात बिलावरून सभा गाजत होत्या तेव्हा त्या लंडनला वैद्यक शिकत होत्या, पुढे सुरतेत त्यांनी वर्षानुवर्षे रुग्णसेवा केली. लग्नाला आपली संमती नव्हती, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते. ‘संमती’ हा शब्द मुलीच्या बाजूने कोणी खऱ्या अर्थाने वापरला असेल तर तो त्यांनी.

आजही १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातल्या कलम ९ च्या अर्जाला तालुक्याच्या कोर्टात ‘नांदायचा दावा’च म्हणतात.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मग १८९१ च्या कायद्याला ‘सहवासवयाचा कायदा’ म्हणणे अधिक नेमके नाही का?

प्रतिसाद

अर्थाने नेमके, पण ऐतिहासिक नाव बदलू नये असे माझे मत. लिहिताना ‘संमतिवयाचा कायदा’च म्हणावे आणि पहिल्याच उल्लेखात खुलासा करावा. आकडे पुढे बदलत गेले. पत्नीसाठी बाराचे १९२५ साली तेरा, १९४९ साली पंधरा झाले आणि ११ ऑक्टोबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अठरा. विवाहाबाहेर, मुलांवरील लैंगिक अत्याचार रोखणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यापासून अठरा आहे. आता अमलात असलेल्या भारतीय न्याय संहितेतही अठरा वर्षांवरच्या पत्नीच्या बाबतीत पतीला ती जुनी सूट कायम आहे.

म्हणून कोशात नोंद करायची तर मी अशी करीन : संमतिवय (न.) – ज्या वयाखाली मुलीने शरीरसंबंधास दिलेली संमती कायदा ग्राह्य धरत नाही ते वय, पत्नीच्या संदर्भात, ज्या वयानंतर कायदा तिची संमती विचारत नाही ते वय.