प्रति: बीएस्सीनंतर लगेच बीएड की आधी एमएस्सी?
वनस्पतिशास्त्रात बीएस्सी झाल्यावर लगेच बीएड करावं का, असं तुम्ही विचारलंय. अकरावी-बारावीला शिकवायचं असेल तर एमएस्सी आणि बीएड दोन्ही लागतात. बीएड २०१५ पासून दोन वर्षांचं झालंय, तोही हिशेब धरा.

पण माझा खरा आग्रह प्रॅक्टिकलचा आहे! पेशीविभाजन दाखवणारी कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड स्वतःच्या हाताने करत राहा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टोकं किंचित गरम करायची, अ‍ॅसिटोकार्माइन (गुणसूत्रं रंगवणारा रंग) द्यायचं, मग कव्हरस्लिप (वरची पातळ काच) अंगठ्याने सरळ दाबायची. जरा सरकली की पेशी गेल्या. कांद्याची १६ गुणसूत्रं नीट सुटी दिसेपर्यंत सोडू नका. "टोकच का, मधला भाग का नाही?" हे मुलं विचारतातच. तेव्हा दोन्ही भागांच्या स्लाइड शेजारी ठेवून त्यांनाच बघू द्या.