पॉटलकमुळे म्हणे नवे पदार्थ शिकता येतात. कुठल्या गावात?

कढीलिंब
परवाची ती पोस्ट वाचून गप्प बसणार होते, पण नाही राहवलं. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एका ताईंच्या सोसायटीत दर महिन्याला पॉटलक (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा आणि एकत्र जेवायचं) सुरू झालं आणि तेव्हापासून त्यांनी लझान्या, थाय करी, पावलोवा (अंड्याच्या पांढऱ्याचं ते कुरकुरीत गोड) असं एकेक करून पाहिलं. एरवी घरी कोण खातंय? चार माणसांत न्यायचं म्हटलं की हुरूप येतो, वगैरे. खाली कॉमेंट्समध्ये लाल बदामांचा पाऊस.

अहो, आमच्याकडे काय होतं सांगू? ग्रुपवर यादी पडली की पाच मिनिटांत कोशिंबीर, मठ्ठा, पुलाव आणि गुलाबजाम ही सगळी सुरक्षित ठिकाणं बुक. उरलेल्यांना वाटाणा-बटाटा. तीस माणसं जेवणार, त्यातल्या चार ज्येष्ठ काकू पहिला घास घेऊन एकमेकींकडे बघणार, आणि अशा ठिकाणी कोणी आयुष्यात पहिल्यांदा करतोय तो पदार्थ नेईल? पहिल्यांदाचं माणूस घरी करतं, दार लावून.

आणि चुकून तुमचं काही चांगलं झालंच तर संपलात. मी एकदा दहीवडे नेले. लोकांना आवडले. तेव्हापासून ग्रुपवर माझ्या नावापुढे कंसात दहीवडे. यंदा म्हटलं, माहेरहून ओले काजू आलेत, उसळ करते. तर उत्तर आलं, "अगं, मग दहीवडे कोण आणणार?" याला तुम्ही प्रोत्साहन म्हणता. मी जन्मठेप म्हणते.

रविवारची_मिसळ
ती पोस्ट माझीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

तुमचा ग्रुप कंटाळवाणा आहे, यात पॉटलकचा काय दोष? घरी नवा पदार्थ केला की सगळं जेवण पणाला लागतं. फसला तर चार तोंडं वाकडी, आणि साडेनऊला पुन्हा वरण-भाताचा कुकर. पॉटलकला बारा पदार्थांत माझा एक. लोक चमचाभर घेतात. जमला तर कृती विचारतात, फसला तर निमूटपणे पुलावाकडे वळतात. कोणी उपाशी राहत नाही. एवढी स्वस्त परीक्षा मला दुसरीकडे कुठे मिळणार?

पावलोवाचंच सांगते. पहिला केला तो जुलैत. नेईपर्यंत वरचं कवच चिकट झालं आणि मधोमध बसलं. साखरेचा तो सगळा खेळ, पावसाळी हवेतला ओलावा शोषून घेतो. हे मला तिथल्याच एका बेकिंग करणाऱ्या मुलीने समजावलं, कॉर्नफ्लोअर आणि व्हिनेगर कशासाठी ते सांगितलं, थंडीत कर म्हणाली. जानेवारीत केला, छान कुरकुरीत झाला. घरी दार लावून केला असता तर ती मुलगी कुठून भेटली असती?

उगाच_एक
पावलोवा ऑस्ट्रेलियाचा की न्यूझीलंडचा हे त्या दोन देशांचं अजून मिटलेलं नाही. आता तिसरा दावेदार म्हणून आपली बी विंग.

ओसरी
तुम्ही दोघीही अर्धंच बोलताय. पॉटलक आत्ताचं नाही. अंगतपंगत आपण शाळेपासून केलीये, आणि भोंडला विसरलात का?

आमच्या वाड्यात घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत भोंडला असायचा. पाटावर हत्ती, भोवती फेर, आणि शेवटी खिरापत. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, अशी वाढत जायची. आणि ती ओळखायची असायची! डबा झाकलेला, मुली हलवून आवाज ऐकणार, तिखट की गोड विचारणार. ओळखता आली की जिची खिरापत तिचं नाक कापलं. म्हणून प्रत्येक आई असं काही करायची की कोणाच्या डोक्यातही येऊ नये. माझी आई एकदा शेजारच्या सीकेपी काकूंकडून निनावं (बेसन आणि नारळाच्या दुधाची गोड वडी) शिकून आली, फक्त त्या एका दिवसासाठी. आमच्या घरात तोवर कोणी निनाव्याचं नाव ऐकलं नव्हतं. एकीने सुरळीच्या वड्या आतून गोड सारण भरून आणल्या होत्या. चव काय होती ते विचारू नका, पण ओळखल्या कोणीच नाहीत.

मुद्दा असा की तिथे नवेपणालाच बक्षीस होतं. तुमच्या पॉटलकमध्ये आधी यादी लागते, म्हणजे ओळखायला काही उरतच नाही. शिवाय खिरापत हे जेवण नव्हतं, तोंडात टाकायला घासभर. जेवणाची जबाबदारी असेल तिथे बाई जपूनच चालणार.

कढीलिंब
ओसरीताई, भोंडल्याचं मान्य. एकदम मान्य. पण मग ते माझ्याच बाजूने झालं ना? जेवणाचं पॉटलक प्रयोग मारतं, असंच मी म्हणतेय.

रविवारची_मिसळ
सोयीचं तेवढं मान्य करायचं. छान.

तिखटजाळ
मला वेगळाच राग आहे. नवीन पदार्थ म्हटला की ओव्हन का लागतो? लझान्या, पावलोवा, चीजकेक. आमच्या मजल्यावर नऊ घरं, त्यात लातूर, जळगाव, सावंतवाडी, नागपूर सगळं आहे. पण पॉटलकला सगळ्यांचं एकच: पनीर. मी येसर आमटी नेली तर चेहरे असे, की हे काय, कुळथाचं पिठलं बिघडलं का? अरे, धान्य-डाळी भाजून मसाल्यासकट दळलेलं पीठ आहे ते, मराठवाड्यात घरोघर असतं, आमटीला दाटपणा आणि वास दोन्ही देतं. पुण्यात तीस वर्षं राहून येसर माहीत नाही, थाय करीतलं गलांगल मात्र माहीत.

पण खरं सांगायचं तर मिसळताईंचा मुद्दा इथेच थोडा पटतो. नागपूरच्या वहिनींनी पुडाची वडी आणली होती. कोथिंबीर, खोबरं, खसखस भरून तळलेली. आमच्या घरात ती आता दर हिवाळ्यात होते. पुस्तकात वाचून केली नसती. घडी कशी घालायची ते बघावंच लागतं, नाहीतर तेलात उघडते आणि सगळं सारण कढईत.

पोळपाट
सगळे प्रयोग करा हो, जरूर करा. मला एवढंच सांगा, पोळ्या कोण करतं?

प्रत्येक यादीत शेवटची ओळ: "पोळ्या ६०". ती ओळ रिकामी राहते, राहते, आणि आदल्या रात्री कोणीतरी लिहितं, "पोळपाटताईंच्या पोळ्या किती मऊ असतात!" झालं. दोन किलो कणीक, ओटा भरून पीठ, दीड तास उभं राहायचं, नंतर सगळं पुसायचं. आणि तिथे गेल्यावर कौतुक कोणाचं? मश्रूम काहीतरीचं. पोळीची कृती आजवर कोणी विचारली नाही. मला पण येतं हो मश्रूम.

एकटा_जीव
विकत आणा की. पोळी-भाजी केंद्रं कशाला आहेत?

पोळपाट
आणल्या होत्या. "या वेळी पोळ्या जरा वातड होत्या नाही?" असं मला, माझ्यासमोर, पेपर डिश आणणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं.

उगाच_एक
पेपर डिश आणणाऱ्याचाही काही मान असतो. योग्य जाडीची डिश निवडावी लागते. आमटीने वाकली की कळतं.

कढीलिंब
हे मात्र खरं बोललात पोळपाटताई. आमच्याकडेही यादीत पुरुषांची नावं आहेत, पण त्यांच्यापुढे काय? कोल्ड्रिंक, बर्फ, पापड (तळलेले नाहीत, पाकीट), "खुर्च्यांचं मी बघतो". नवे पदार्थ शिकायची संधी म्हणे. शिकतंय कोण, तर ज्यांना आधीच सगळं येतं त्याच.

एकटा_जीव
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी एकटा राहतो, दोन बर्नर, एक कुकर. पहिल्या पॉटलकला वेफर्स नेले होते, खोटं कशाला बोलू. नंतर साबुदाण्याची खिचडी करून नेली, वीस माणसांची. तिचा गोळा झाला आणि सगळ्यांनी हसून हसून खाल्ली. तुमच्यापैकीच कोणी म्हणालं असेल, "पुरुषांना काय जमतंय." मग माणूस पुढच्या वेळी बर्फच आणणार ना?

पोळपाट
वीस माणसांची खिचडी एका कढईत केलीत म्हणून गोळा झाला. खालच्या साबुदाण्यावर वरच्यांचं ओझं येतं आणि वाफ अडकते. चार घाणे करायचे. आणि आमचे पदार्थ फसतात तेव्हा आम्हाला कोणी बर्फावर बढती देत नाही.

रविवारची_मिसळ
आता ही कृती तुम्ही फुकटात दिलीत की नाही? मी दुसरं काय म्हणत होते?

न्यूजर्सीकर
इकडे मंडळाच्या पॉटलकला आडनावाच्या अक्षरावरून वाटणी होते. अमुक ते अमुक भाजी, पुढचे गोड. त्यामुळे ज्याला गोड येत नाही त्यालाही करावं लागतं. जुलूम आहे, पण मी त्यातूनच श्रीखंडासाठी दही टांगायला शिकलो. पोळ्यांचा प्रश्न नाही, फ्रोजन. त्या कशा लागतात यावर इथे बोलायचं नाही असा अलिखित करार आहे.

खरं शिकवलं ते अ‍ॅलर्जीने. मुलांच्या मित्रमंडळींत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेले असतात, त्यामुळे शाळेच्या किंवा शेजाऱ्यांच्या पॉटलकला दाण्याचं कूट बंद. आता मराठी माणसाने कूट न घालता काय न्यावं? काकडीच्या कोशिंबिरीपासून भरल्या वांग्यापर्यंत सगळीकडे तेच. बायकोने भरल्या वांग्याला तीळ आणि सुकं खोबरं भाजून घातलं, थोडी खसखस. आता घरीही तसंच करतो. दाण्याचं कूट घातलेलं मला जड वाटायला लागलंय, हे आईला सांगितलेलं नाही.

तिखटजाळ
तीळ-खोबरं हे आमच्याकडे पहिल्यापासून घालतात. अमेरिकेला जायची गरज नव्हती.

न्यूजर्सीकर
धन्यवाद. वाटच बघत होतो.

हळद_कुंकू
शिकण्याबिकण्याआधी जरा पोटाचं बघा. आमच्याकडे "बाराला आणा, दीडला जेवू" म्हणतात आणि भाषणं संपेपर्यंत तीन वाजतात. शिजवलेला भात, नूडल्स, क्रीमचे पदार्थ सगळे मे महिन्यात टेबलावर. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तास, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. भातातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत, आणि त्यांनी एकदा विष तयार केलं की पुन्हा गरम करून ते जात नाही. मी मेडिकल लॅबमध्ये आहे म्हणून बोलतेय. प्रयोग करायचाच तर नासणार नाही असा करा. पुडाची वडी उत्तम. थाय करी नारळाच्या दुधातली, मे महिन्यात, नको.

उगाच_एक
म्हणजे शेवटी पापडाचं पाकीटच शास्त्रीय.

ओसरी
आमच्या इमारतीत यंदा ठरवलंय, यादीच नाही. पोळी-भात-आमटीचं सामाईक पैशांतून बाहेर सांगायचं, बाकी ज्याने त्याने झाकून आणायचं आणि ओळखायचं. भोंडल्यासारखं.

कढीलिंब
आणि झाकणं उघडल्यावर बाराही डब्यांत पुलाव निघाला तर?

ओसरी
तर पुलावाचे बारा प्रकार कळतील. तुम्हाला दहीवडे न आणायला कोणीतरी परवानगी द्यायला हवी होती, ती यात मिळते. नाहीतर तुम्ही ग्रुपवर एक ओळ लिहू शकला असता, "या वेळी दहीवडे नाहीत." का नाही लिहिलीत?

कढीलिंब
कारण लोकांना वाईट वाटतं. आणि हो, कौतुक बरं वाटतं, तेही आहे. झालं समाधान? पण पॉटलक शाळा आहे हे मी तरीही म्हणणार नाही. शाळेत निदान दर वर्षी इयत्ता बदलते.

रविवारची_मिसळ
ज्याची इच्छा असते त्याची बदलते. ओल्या काजूंचं काय केलंत?

कढीलिंब
उसळ. घरी. दार लावून. उत्तम झाली.

एकटा_जीव
पोळपाटताई, पुढच्या वेळी आमच्याकडच्या पोळ्या मी करतो. साठ नाही, वीस. जाहीर सांगतो.

पोळपाट
करा. कणीक तेल घालून मळा, अर्धा तास झाकून ठेवा. आणि इथे फोटो टाका. पोळ्यांचा नको, त्या गोल नसल्या तरी मी काही म्हणणार नाही. ओटा पुसताना तुमचा टाका.