चेहरा झाकला की ओळख लपते का? संस्थांच्या अहवालांतल्या 'सर्व्हायव्हर' कहाण्या

शाईचा डाग
आठ-नऊ वर्षं संस्थांचे वार्षिक अहवाल लावून देतोय. मजकूर त्यांचा, मांडणी माझी. परवा मानवी तस्करीविरोधात काम करणाऱ्या एका संस्थेचा आला. पहिल्याच पानावर 'आमचं काम सर्व्हायव्हर-केंद्री आहे', म्हणजे तस्करीतून बाहेर पडलेल्यांना मध्यभागी ठेवणारं. अकराव्या पानावर एका मुलीची कहाणी. नाव बदललेलं, फोटो पाठमोरा. पण मनगटावरचं गोंदण स्वच्छ दिसतंय, आणि खाली तालुका, वडील ऊसतोडीला, तीन बहिणींतली मधली, घर कुठल्या वर्षी सोडलं, सगळं. त्या तालुक्यातल्या माणसाला ओळखायला अर्धं मिनिट पुरे.
मुलगी तेव्हा पंधराची. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ नाव-फोटोवर थांबत नाही. पत्ता, शाळा, ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापायला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फोन केला तर म्हणे, "तिची सही आहे ना!"
सही आधारगृहात घेतलेली. ज्या ताई जेवण वाढतात, कोर्टात सोबत येतात, त्यांनीच फॉर्म पुढे केला. नाही म्हणायची तिची काय बिशाद?

हिशेबनीस
तुम्ही पानं लावता, मी अशाच संस्थेत पगार काढतो. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या देणगीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीच्या अर्जात तर रकानाच असतो : 'एक यशोगाथा जोडा'. आकड्यांचं पत्र आणि कहाणीचं पत्र, दोन्ही पाठवून पाहिलीत. पहिल्याला पोचसुद्धा येत नाही. तत्त्वं सांभाळून आधारगृहाचं भाडं कसं भरायचं तेही सांगा.

कृष्णाकाठ
तुमचं दोघांचं भांडण सुटकेनंतरच्या फोटोवर. सुटका तिला हवी होती का, हे कोण विचारणार? आमच्या सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद आहे, धंद्यातल्या बायकांचीच संघटना. स्वतःला पीडित म्हणवून घ्यायला त्या तयार नाहीत. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याच्या कलम १७ खाली मॅजिस्ट्रेट बाईला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवू शकतो. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच तिघींना सोडायला सांगितलं. सज्ञान बाईला आपला व्यवसाय निवडायचा हक्क आहे, असं निकालातच आहे. अशा बाया तुमच्या अहवालात कुठल्या रकान्यात बसतात? 'वाचवलेल्या'?

रातपाळी
कृष्णाकाठ, सज्ञान आणि अल्पवयीन यांची सरमिसळ नको. मी धाडीत पंच म्हणून गेलोय. माळ्यावर, पत्र्याच्या पाण्याच्या टाकीमागे दोन मुली उकिडव्या बसवलेल्या, पुढे गोधड्यांची थप्पी. बाहेर काढल्या तर उभं राहता येईना, पायाला मुंग्या. तिथे मर्जी कसली विचारता? पण एक सांगतो, खाली कॅमेरेवाले आमच्या आधी हजर होते. त्यांना कळवलं कुणी, ते तुम्हीच ओळखा. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलंय, की अटक, धाड, सुटका यांच्या बातम्यांत धंद्यातल्या बायकांची ओळख उघड होऊ देऊ नका. ओढणीत तोंड लपवून गाडीत चढणाऱ्या बायांची दृश्यं तरी दिसतातच.

हिशेबनीस
मान्य. पण उलट बाजूही बघा. इल्फॅट म्हणून तस्करीतून बाहेर पडलेल्यांचाच राष्ट्रीय मंच आहे. त्यातले लोक स्वतः बोलतात, कायदा कसा हवा ते सांगतात. त्यांच्याही डोळ्यांवर काळी पट्टी मारायची? जपणूक म्हणत म्हणत आपण तोंडच बंद करतो.

शाईचा डाग
नाही मारायची. पण बोलणारी आता संस्थेच्या छपराखाली नाही, काय सांगायचं ते तीच ठरवते, आणि नको वाटलं तर उठून जाऊ शकते. पंधराव्या वर्षी छापलेली पीडीएफ पंचविसाव्या वर्षी, लग्न ठरताना, मागे कशी घेणार?
शिवाय कहाण्यांची भूक वाढत जाते. कंबोडियाच्या सोमाली माम यांचं जगभर नाव होतं. त्यांच्या आणि त्यांनी पुढे आणलेल्या मुलींच्या कहाण्या खऱ्या नाहीत असे आरोप झाले आणि २०१४ मध्ये त्यांना स्वतःच्याच नावाची संस्था सोडावी लागली. साधं दुःख पुरेनासं झालं की ते वाढवायचा मोह होतो.

कृष्णाकाठ
आणि ज्या रडत नाहीत, त्यांची कहाणी कुणालाच नको. संपलं.

शाईचा डाग
अकराव्या पानाचं काय झालं ते सांगतो. संस्थेच्या ताईंशी तासभर बोललो. सुरुवातीला चिडल्या. मग दोघांनी बसून तालुका काढला, बहिणी काढल्या, वर्ष काढलं, फोटोच उडवला. उरल्या चार ओळी. मी विचारलं, या केसमध्ये तुम्ही नेमकं काय केलंत? त्यांनी डायरी काढली. कोर्टाच्या बावीस तारखा. नऊ वेळा नुसतीच पुढची तारीख. दर वेळी रिक्षाचं भाडं, दर वेळी कुणीतरी सोबत, एकदा साक्षीच्या आदल्या रात्री मुलीला ताप. तेवढंच छापलंय. मुलगी कुठली, कोण, काही नाही.

हिशेबनीस
बावीस? आमच्याकडे तारखा कुणी मोजल्याच नाहीत. उद्या डायऱ्या काढायला सांगतो. देणगी येते का बघू, मला शंकाच आहे.