ठाणे खाडीचा गाळ: पाणी तपासून किरणोत्सर्ग कळतो का?

खाडीकाठचा: काल व्हॉट्सअ‍ॅपवर एक पोस्ट फिरत होती: ‘ट्रॉम्बेजवळचं पाणी तपासलंय, सगळं ठीक आहे, अफवा पसरवू नका.’ डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. आपल्या खाडीच्या गढूळ पाण्यात सीझियम-१३७ हे अणुभट्टीत तयार होणारं किरणोत्सर्गी द्रव्य आलं, तर त्यातलं बरंचसं चिकणमातीच्या कणांना धरून तळाशी बसतं. अर्धायुष्य ३० वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात ते फक्त निम्मं होतं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली (बीएआरसी) सायरस अणुभट्टी १९६० साली सुरू झाली, ध्रुव १९८५ साली. एवढ्या वर्षांचा हिशेब पाण्याच्या बाटलीत कसा सापडणार? गाळाचं बोला.

गॅमामास्तर: गाळही तपासतात हो! नळी खुपसून उभा गाभा काढतात, काप करून वाळवतात, गॅमा किरण मोजणाऱ्या जर्मेनियम डिटेक्टरवर ठेवतात. आलेखात ६६२ केईव्ही ऊर्जेला शिखर आलं की सीझियम. पण ते ट्रॉम्बेचंच असं कशावरून? अणुचाचण्यांची धूळ जगभरच्या गाळात आहे. ती सर्वात जास्त पडली तो १९६३ च्या सुमाराचा थर तर त्यावरूनच ओळखतात.

खाडीकाठचा: मग थरवार आकडे कोळीवाड्यात मराठीत लावा ना! अणुभट्ट्या बीएआरसीच्या, मोजणारी प्रयोगशाळाही बीएआरसीची. लोकांनी विश्वास ठेवायचा कशावर?

कोळीवाड्याची सून: तुमचं सीझियम राहू दे, आधी खाडी का बुजली ते सांगा. सासरे होडी लावायचे तिथे आता मांडीभर चिखल. ओहोटीला पाय टाकला की काळं पाणी वर येतं, रॉकेलसारखा वास. भरपाईच्या यादीत आमचं नाव नाही. साहेब म्हणाले, कागद आणा. होडीला कसला कागद?

वाशीकर: अगदी बरोबर. नाल्यांचं सांडपाणी, भराव, प्लास्टिक. मासा त्याने मेला.

गॅमामास्तर: धागा किरणोत्सर्गाचा आहे. भरपाईचा वेगळा काढा.

कोळीवाड्याची सून: वेगळा का म्हणून? त्याच चिखलातली चिंबोरी आमच्या ताटात येते. तुम्ही नमुना घेऊन जाता, आम्ही तिथेच राहतो.

खाडीकाठचा: ताईंचा मुद्दा विषयातलाच आहे. खाडी बुजली म्हणून उपसा करणार, म्हणजे खालचा जुना थर वर येणार. त्याआधी मोजणार का?

गॅमामास्तर: उपशाआधी थरवार मोजणी करून आकडे जाहीर करावेत, इतकं मान्य. त्यापुढे नाही. मासे खाऊ नका म्हणून कुणी घाबरवत असेल तर मी विरोधच करणार. शिंपल्या-कालवांतून मिळणारा किरणोत्सर्गाचा डोस मुख्यतः पोलोनियम-२१० या किरणोत्सर्गी द्रव्याचा असतो, आणि ते निसर्गातलंच.

कोळीवाड्याची सून: खाऊ नका असं मी कुठे म्हटलं? आमचं पोट त्यावरच आहे. पण मास्तर, निवट्या आणि चिंबोऱ्या बिळं करून चिखल खालीवर करतात. तिथे तुमचे थर जागेवर राहतील का?

गॅमामास्तर: नाही राहत. अशा जागी गाभ्यावरून वर्ष काढता येत नाही.

कोळीवाड्याची सून: मग नळी खुपसण्याआधी आमच्या माणसांना विचारा. बिळं कुठे नाहीत ते ओहोटीला दाखवतील.