विमाननिर्मितीचं वेगळं बी.टेक.: सुरुवात कुठून?

प्रश्न: नाशिकचं स्वायत्त कॉलेज, पुणे विद्यापीठाशी संलग्न. ओझरला एचएएल (हिंदुस्थान एरोनॉटिक्स, सरकारी विमान कंपनी), अंबड-सातपूरला सुटे भाग बनवणारे. आधी काय करावं?

उत्तर १: पदवीची घाई नको. मेकॅनिकलवरच १८-२० जादा क्रेडिटांचा मायनर (मुख्य शाखेसोबतचा जोडविषय) आणा. मंजुरी आधी अभ्यासमंडळाची, मग विद्वत परिषदेची. नव्या शाखेला एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यताही लागते.

उत्तर २: पदवीचं नाव विचार करून ठरवा. सरकारी जाहिरातीत ‘मेकॅनिकल किंवा समकक्ष’ असतं; भलतंच नाव असलं की पोरं समकक्षतेचे दाखले शोधत फिरतात.

उत्तर ३: कंपोझिट (धागे आणि रेझिन मिळून बनणारं हलकं साहित्य) लॅबचं बोला की! प्रीप्रेग, म्हणजे आधीच रेझिन मुरवलेलं कापड, साधारण उणे १८ अंशांना ठेवतात. लाइट गेली, फ्रीझर तापला की रेझिन हळूहळू पिकतं (घट्ट होऊ लागतं), कापडाचा रोल वाया. जनरेटर हवाच. शिवाय रोलची बंद पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडा, नाहीतर दव धरतं आणि थरांत पोकळ्या राहतात.