जास्वंदीवर कापूस, फुलांचा पत्ता नाही

कुंडीवाली: गणपती तोंडावर आलेत आणि जास्वंदीच्या कळ्या पिठ्या ढेकणाने (कापसासारखी दिसणारी पांढरी कीड) माखल्यात. नीमतेल फवारलं तरी पुन्हा हजर! काय चुकतंय?

गच्चीकर: तेल पाण्यावर नुसतं तरंगत असणार. 5 मिली तेलात 1-2 मिली भांड्यांचा लिक्विड साबण घोटा, मग लिटरभर कोमट पाणी हळूहळू ओता. ऊन उतरल्यावर, पानांच्या मागूनही फवारा. आठवड्याने परत, कारण कापसातल्या अंड्यांपर्यंत औषध पोचत नाही.

मातीमोल: आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. माखलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून फेका, कंपोस्टात नको.

शेजारीण: मुंग्या बघा. ढेकणांतून पाझरणाऱ्या चिकट गोडव्यासाठी त्याच या पाहुण्यांची बडदास्त ठेवतात. कुंडी विटांवर, विटा पाण्याच्या ताटलीत. फांदी भिंतीला टेकली की मात्र सगळं फुकट.

गच्चीकर: ताटलीत साबणाचा थेंब टाका, नाहीतर डासांची सोय.